मदत हवी आहे: गलबताच्या मॉडेलवर रंगातून पट्ट्यांचे सांधे उमटतायत

सांगाडा ४ मिमी प्लायचा, त्यावर सागाच्या ५ मिमी रुंद, दीड मिमी जाड पट्ट्यांचा एकच थर. मॉडेल साधारण ६० सेंमी लांब. नाळेकडच्या (पुढच्या टोकाच्या) पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, फासळ्यांवर वाकवून, पूर्ण वाळल्यावरच चिकटवल्या आहेत. टोकाला त्या निम्म्या रुंदीपेक्षा जास्त निमुळत्या केलेल्या नाहीत. मागे जागा उरली तिथे वेगळ्या पाचरी घातल्या.

पाणरेषेखाली लांबी (भेगा भरायची पुटी), १२०-२२०-४०० नंबरचा पॉलिशपेपर, सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या द्रावाचे) दोन हात, प्रायमर आणि मग पांढरा ऑइल इनॅमल, असा क्रम. उन्हाळ्यात अंग अगदी गुळगुळीत होतं. बेळगावचा पाऊस सुरू झाला आणि नाळेच्या वळणावर पट्ट्यांच्या सांध्यांवर केसाएवढ्या रेषा दिसायला लागल्या. नखाला लागतात, पण पट्टी कुठेच सुटलेली नाही. त्या जागी पेपर मारून पुन्हा लांबी भरली, तर शेजारचा सांधा उमटला. माझा अंदाज: आतलं लाकूड कोरंच असल्यामुळे ओल आतून शिरते आणि पट्ट्या फुगतात.

डेक बसवून झालाय, आत फक्त झाकणाच्या ३ सेंमी भोकातून जाता येतं. पाणरेषेच्या वरच्या भागात लाकडाचा पोत दिसायलाच हवा, त्यामुळे बाहेरून फायबरचं कापड नको. कॉम्प्रेसर नाही, ब्रशच.

तर भोकातून पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) ओतून, मॉडेल फिरवून आतून मुरवली तर पुरेल, की खालचा रंग लाकडापर्यंत काढावाच लागेल? आणि हे आत्ताच करावं, की लाकूड सुकेपर्यंत, दिवाळीनंतरपर्यंत थांबावं?