दम्याच्या रुग्णांचं एसओडी: सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा

प्रयोगवही (बडोदा): दम्याचे रुग्ण आणि निरोगी गट, दोघांच्या तांबड्या पेशींमधलं एसओडी (सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, ऑक्सिजनची घातक रूपं निकामी करणारं एन्झाइम) मोजायचं आहे. पायरोगॅलॉल पद्धत (हे रसायन हवेत आपोआप पिवळं पडतं, एसओडी ते अडवतं), ४२० नॅनोमीटर. ब्लँक (नमुना न घालता घेतलेलं वाचन) सकाळी मिनिटाला ०.०२० चढतो, दुपारी तीनला ०.०३५. काही रुग्णांचं एसओडी निरोगी गटापेक्षा जास्तच येतंय. हे आजारामुळे की कामातल्या चुकीमुळे?

बफरवाले_काका: आधी बाटली बघा. पायरोगॅलॉल साध्या पाण्यात केलं असेल तर ठेवल्या जागी पिवळं पडतं. १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, रोज ताजं, काळ्या बाटलीत, बर्फावर ठेवा. मग खोली. बडोद्याच्या मे महिन्यात क्युव्हेटचा (वाचनाच्या नळीचा) कप्पा २५ अंशांवर धरल्याशिवाय ब्लँक जागेवर राहत नाही. ट्रिस बफरचा पीएच दर अंशामागे साधारण ०.०३ उतरतो, तेव्हा ८.२ सुद्धा २५ अंशांवरच लावा, फ्रीजमधून काढल्या काढल्या नको. बफरमध्ये १ मिलिमोलर डीटीपीए (धातूंचे अंश बांधून ठेवणारं रसायन) हवंच. पहिलं दीड मिनिट सोडून पुढची दोन घ्या. अटकाव (नमुन्याने ब्लँकचा वेग किती घटवला ते) ३० ते ६० टक्क्यांत बसेल इतका नमुना पातळ करा. ९० टक्क्यांवरून काढलेली युनिटं म्हणजे अंदाजपंचे.

लालपेशी: रुग्णांचंच जास्त येतंय तर बफी कोट तपासा. पेशी धुताना वरचा पांढरा थर राहिला की पांढऱ्या पेशींचं एसओडी मिसळतं, आणि दम्यात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतात. म्हणजे चूक दोन्ही गटांत सारखी पडत नाही! गार सलाइनने तीनदा धुवा, दर वेळी थर काढा. हिमोग्लोबिन काढून टाकायला गार इथेनॉल-क्लोरोफॉर्म ५:३. आकडा दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे द्यायचा, पण ते हिमोग्लोबिन क्लोरोफॉर्म घालण्याआधी मोजा.

पुढे कॅटलेज (पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) करणार असाल तर २४० नॅनोमीटरला क्वार्ट्झ क्युव्हेटच लागते. १० मिलिमोलर पेरॉक्साइडचं वाचन ०.४३६ च्या आसपास यायला हवं. कमी आलं तर बाटलीतल्या पेरॉक्साइडची ताकद उतरलेली आहे. अझाइड घातलेला बफर चुकूनही नको, कॅटलेज तिथेच बंद पडतं.

श्वासमार्ग: एक जपून. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, आयुष्य सुमारे १२० दिवस, नवं एन्झाइम ती बनवत नाही. श्वासनलिकेच्या अस्तरात एसओडी आणि कॅटलेज मंदावलेली आढळली आहेत. रक्तात तेच दिसेल असं गृहीत धरू नका. इनहेलरमधलं स्टिरॉइड, विडी-सिगारेट, शेवटचा अटॅक कधी, हे प्रत्येक नमुन्यासोबत लिहा, नाहीतर गटांची तुलना करताच येणार नाही.

प्रयोगवही: रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए की हेपरिन?

लालपेशी: धुतल्यावर दोन्ही चालतात. सगळ्यांना एकच ठेवा.