ऑर्डिनरी हाय वॉटर मार्क : भरतीरेषा, पूररेषा की आणखी काही?

टिटवी : अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या काठाने लोकांना कुठपर्यंत चालता येतं, यावरचं एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. 'ऑर्डिनरी हाय वॉटर मार्क'पाशी अडले, म्हणजे नेहमीच्या पाण्याची काठावर उमटलेली वरची रेषा. मी 'भरतीरेषा' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'पूररेषा' केलं. मला दोन्ही खटकतात. तुम्ही काय लिहाल?

निर्झर : भरतीरेषा नकोच. तिथली भरती ५ सेंटिमीटरसुद्धा नसते. पातळी बदलते ती पाऊस, बर्फ आणि बाष्पीभवनाने, तीही वर्षांच्या हिशेबाने. १९८६चा उच्चांक आणि २०१३चा नीचांक यांत जवळपास २ मीटरचं अंतर आहे. सपाट काठावर तेवढ्यात अख्खी वाळू पाण्याखाली जाते.

हंसध्वनी : पूररेषा त्याहून वाईट, कारण पूर ही आपत्ती झाली आणि इथे नेहमीच्या पाण्याविषयी चाललंय. मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जी व्याख्या धरली, तिच्यात पातळीपेक्षा खुणेला महत्त्व आहे. पाण्याच्या सततच्या वावराने जमीन झिजते, झाडोरा तग धरत नाही, तिथे ती रेषा. तिच्या खाली कुणीही चालावं, मग जागा खासगी का असेना. म्हणून 'पाणखूण'.

शमी : पाणखूण छान आहे, पण कायद्याच्या मजकुरात शोभणार नाही. 'सामान्य उच्च जलचिन्ह' म्हणा.

हंसध्वनी : जलचिन्ह नोटेवर असतं! घडवलेले शब्द वाचणाऱ्याला कळले नाहीत तर तो काठावर उभं राहून करणार काय?

रानजाई : मी त्याच सरोवराच्या पूर्व किनाऱ्याला राहते. पाण्यालगत ओली, घट्ट वाळू, मग लाटांनी आणून टाकलेल्या काटक्यांची ओळ, मग भुसभुशीत वाळू आणि त्यापुढे गवत सुरू. पाणी उतरलं की गवत खाली सरकतं, चढलं की मरतं. आम्ही गवताकडे बघूनच चालतो. घरात मात्र सगळे 'बीच' म्हणतात.

शमी : 'पुळण' हा इतका देखणा शब्द असताना बीच कशाला?

निर्झर : पुळण समुद्राची. हे गोडं पाणी आहे.

शमी : पुळण आली 'पुलिन'वरून, आणि संस्कृतात पुलिन म्हणजे नदीकाठची वाळू. म्हणजे मुळात गोड्या पाण्याचीच! तसंच 'काठ' कंठावरून. जुन्या पुस्तकांत 'कांठ' असाच छापलेला दिसतो.

निर्झर : मूळ काहीही असो, आज पुळण म्हटलं की खारं पाणीच डोळ्यांसमोर येतं. शब्द वापरणाऱ्यांचा असतो.

टिटवी : पत्रकात त्याच सरोवराकाठच्या इंडियाना राज्याचाही परिच्छेद आहे. तिथे २०१८च्या निकालाने याच रेषेपर्यंतची जमीनच राज्याची ठरली. म्हणजे मिशिगनमध्ये ती वहिवाटीची रेषा, इंडियानात मालकीची. दोन्हीकडे एकच शब्द चालेल?

भूर्जपत्र : त्याआधी पत्रकात सरोवर 'हिमनदीने कोरलेलं' लिहिलं असेल तर बदला. नदी म्हटली की दरी आली. इथे हिमयुगात लॉरेन्टाइड नावाचा हिमस्तर, म्हणजे बर्फाचा अवाढव्य थर, अर्ध्या खंडावर पसरला होता, त्याने मऊ खडक खरवडून २८१ मीटर खोल खळगा केला.

शमी : 'हिमानी सरोवर' म्हणा, त्यात दोन्ही येतात.

भूर्जपत्र : हिमानी म्हणजे बर्फाचा साठा. तो वाहतो, हे त्यात कुठे आलं?

रानजाई : तिथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांनी सरोवराला नुसतं 'मोठं पाणी' म्हटलं, मिशिगन त्यातूनच आलं. मला 'मोठ्या पाण्याचा काठ' पुरेसं वाटतं.

भूर्जपत्र : भूगोलाच्या मजकुराला ते पुरत नाही. 'हिमस्तर'च हवा.