गाडी कंपनीला विकणारा मूर्ख? आधी आरसीचं बोला

कागदकिडा
शेजारच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय: "ऑनलाइन कंपनीला जुनी गाडी विकणारा एक तर आळशी नाहीतर मूर्ख. थेट गिऱ्हाईक शोधा, मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या करा, पैसे घ्या आणि मोकळे व्हा." त्यातल्या 'मोकळे व्हा'साठी हा वेगळा धागा.

मोकळे कसले होताय? आरसीवर नाव तुमचं, तोवर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, सर्वोच्च न्यायालय, २०१८. गाडी पुढे हातोहात विकली गेली होती, तरी भरपाई बसली ती नोंदणीवर नाव असलेल्या माणसावर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. थेट गिऱ्हाईक 'करतो, करतो' म्हणत गाडी फिरवतं आणि ई-चलनं तुमच्या मोबाईलवर येत राहतात.

अधिकृत डीलरच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९सी आहे. गाडी ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर जाते, पोच क्रमांक निघतो आणि तिथून पुढे डीलर मानीव मालक. जबाबदारी त्याची. ही सोय थेट विक्रीत नाही. आता सांगा मूर्ख कोण.

थेट_सौदा
तो 'एकाने' म्हणजे मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

२९सी कागदावर सुंदर आहे, मान्य. पण गाडी न्यायला आलेला माणूस समोर काय ठेवतो? तेच जुने २९ आणि ३०, घेणाऱ्याचा रकाना कोरा. कारण लिलावाच्या पद्धतीत कंपनी स्वतः गाडी ठेवतच नाही. तपासणी होते, फोटो अ‍ॅपवर चढतात, डीलर बोली लावतात, गाडी जिंकणाऱ्याच्या आवारात जाते. त्याला पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत आरसी हलत नाही, कारण मधे स्वतःच्या नावावर केली तर मालकांचा आकडा एकने वाढतो आणि भाव पडतो.

भावाचं गणितही मांडा. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या गाडीच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, आधी छोट्या गाड्यांना १२ होता. त्यात वाहतूक, पॉलिश, वॉरंटी, डीलरचा नफा. हे सगळं तुमच्या किमतीतूनच वजा होतं. दोन खासगी माणसांच्या सौद्यात यातलं काही नाही.

लांबी_पत्रा
तुमची आरसी राहू द्या. खरी लूट तपासणीत होते. पोरगं रंगाची जाडी मोजायचं मीटर दारावर टेकवतं, २२० मायक्रॉन दिसले की अहवालात 'रिपेंट', आणि भाव खाली. कारखान्यातला मूळ रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन असतो. नुसता ओरखडा काढून पुन्हा रंग मारला की २०० ते ३००. त्यात अपघात कुठून आला? पार्किंगमध्ये घासलेलं दार आहे ते!

स्पॉट_वेल्ड
अर्धवट बोलू नका. आकडा ५०० च्या वर गेला की खाली लांबी, म्हणजे खड्डा भरायची पुट्टी आहे, १००० च्या वर म्हणजे पत्रा नीट न काढता थापलीय. भाव कमी व्हायलाच हवा.

लांबी_पत्रा
म्हणजे पत्रा मारून सरळ केला आणि लांबी पातळ लावली तर चांगल्या डेंटरची गाडी पास, आणि घाईत काम झालेली नापास? धक्का दोघींना सारखाच. मीटर डेंटरचं कसब मोजतं, अपघात नाही.

शिवाय बंपर प्लास्टिकचे, तिथे ते मीटर काही दाखवतच नाही. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर फक्त लोखंडावर चालणारं स्वस्त मीटर गप्प बसतं. आणि समोरून बसलेली गाडी म्हणजे नेमके बंपर आणि बॉनेट.

स्पॉट_वेल्ड
म्हणून तर मीटरवर थांबायचं नसतं. बॉनेट उघडा. फेंडरचे आणि बिजागरीचे बोल्ट बघा, रंग उडून पान्याच्या खुणा दिसल्या तर पॅनल उतरलेलं आहे. मग एप्रन, म्हणजे बॉनेटखालचा चाकावरचा आतला पत्रा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे ठिपके, गोल खळगे असतात, ठरावीक अंतरावर. तिथे ग्राइंडर फिरवलेली सलग वेल्डिंगची रेघ दिसली, किंवा सीलंट बोटाने फासल्यासारखं असलं, की सांगाडा हललाय. दारांचं रबर ओढून पिलरवरही हेच बघायचं. काचांवरचे साल-कोड जुळवा. चार काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असेल तर त्या बाजूला डोकं घाला.

दार रंगवलेलं आणि एप्रन शाबूत, तर गाडी घ्यावी. उलटं असेल तर फुकटसुद्धा नको.

लांबी_पत्रा
चला, शेवटी माझंच म्हणणं लिहिलंत, फक्त रागावून. आता सांगा, अर्ध्या तासात शंभरावर मुद्द्यांवर टिक करणारा निरीक्षक दारांची रबरं ओढतो का?

स्पॉट_वेल्ड
थेट गिऱ्हाईक ओढतं का? ते टायरला लाथ मारून बघतं!

स्कॅनर_काका
रंगावरून भांडताय, इंजिनाचं कोणी बोलेना. गाडी दाखवायच्या आदल्या दिवशी गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड पुसून चेक इंजिनचा दिवा विझवणं हा जुना उद्योग आहे. स्कॅनर लावला की 'कोड नाहीत' एवढं वाचून खूश होऊ नका. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का ते बघा, अर्धे 'अपूर्ण' असतील तर नुकतंच पुसलंय. कोड पुसल्यापासूनचं अंतर वेगळं दिसतं, ते १२ किलोमीटर निघालं तर विषय संपला. आणि गाडी थंड असतानाच सुरू करायला लावा. आधीच तापवून ठेवली असेल तर निळा धूर लपून जातो.

कागदकिडा
धागा आरसीचा होता, मायक्रॉनचा नव्हता. असो.

थेट_सौदा, कोऱ्या फॉर्मवर तुमचं बरोबर आहे, पण उपाय 'कंपनी नको' हा नाही. चावी देण्याआधी विचारा: अधिकृततेचं प्रमाणपत्र, म्हणजे २९बी, कोणाच्या नावाचं आहे? कंपनीच्या की लिलाव जिंकणाऱ्याच्या? २९सी त्याच नावावर व्हायला हवा. पोच क्रमांक आला की चावी. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ असलेली पावती घ्या, त्यावर किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. फास्टॅग स्वतः बंद करा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी. आणि नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं नव्या गाडीला चालतं. ५० टक्क्यांचा बोनस लोक गाडीबरोबर सोडून देतात.

थेट_सौदा
एवढं सगळं विचारणारा माणूस थेट विक्रीतही फसणार नाही. त्याने गिऱ्हाइकाला घेऊन आरटीओत जावं, अर्ज दाखल करून पावती हातात घ्यावी, मगच गाडी द्यावी. वरचा पैसाही त्याचाच.

तरी 'मोकळे व्हा' हे दोन शब्द मागे घेतो. 'आळशी' राहू द्या.

कागदकिडा
उपकार झाले. आता 'मूर्ख'चं काय ते सांगा. आणि अर्ज दाखल झाल्याच्या पावतीवर गाडी देऊ नका. त्रुटी निघून अर्ज परत आला की नाव अजून तुमचंच. पोर्टलवर नवं नाव दिसल्यावर द्या.

थेट_सौदा
तोवर गिऱ्हाईक पैसे देऊन रिक्षाने फिरणार का?