मदत हवी आहे: यहूदीयाच्या वाळवंटातील उजेड आणि रानबकरे

सर्व चित्रकार मित्रांना सप्रेम नमस्कार. मी जालन्याचा ख्रिस्ती चित्रकार असून, आमच्या चर्चच्या सभागृहासाठी मृत समुद्राकाठच्या एन-गेदी परिसराचे मोठे तैलचित्र रंगवीत आहे. बायबलमध्ये शौल राजापासून जीव वाचवण्यासाठी दावीद ज्या रानबकऱ्यांच्या खडकांत लपला, तोच हा यहूदीयाच्या वाळवंटातला परिसर. तिथे आजही रानबकरे आहेत, आणि ते चित्रात खरेखुरे दिसावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण रंगसंगतीची आहे. माझा हात आपल्या काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे, आणि तिथला खडक मात्र चुनखडीचा, फिकट पिवळसर. यलो ऑकर व टिटॅनियम व्हाइटच्या मिश्रणाने उन्हातला भाग जमतो. परंतु सावलीत अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) वापरले की कडा लगेच आपल्या अजिंठ्याच्या डोंगरासारखा जड दिसू लागतो. चुनखडीच्या सावलीत समोरच्या उजळ जमिनीचा परावर्तित उजेड शिरतो, तो कसा दाखवावा?

दुसरा प्रश्न प्राण्यांचा. आपल्याकडे नांगरलेल्या काळ्या रानात हरणांचा कळप लांबूनही उठून दिसतो; हा रानबकरा मात्र खडकाच्याच रंगाचा, त्यामुळे पांढरे पोट, पायांवरचे गडद पट्टे आणि मागे वळलेली, पुढच्या बाजूने गाठी असलेली शिंगे एवढ्यावरच त्याला पार्श्वभूमीपासून वेगळे करावे लागते. बाह्यरेषा काढणे मला पटत नाही. राजस्थानात वाळवंट व चिंकारा प्रत्यक्ष पाहून रंगवलेल्या कोणी कृपया मार्गदर्शन करावे, आणि शक्य असल्यास आपल्या चित्राचा जवळून घेतलेला फोटोही द्यावा.