मदत हवी आहे: झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांचे मेल उघडावेच लागतात, व्हायरसपासून कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं तालुक्याच्या गावी कॉलेजच्या रस्त्याला झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे. मी आणि हे दोघं बघतो, दुपारनंतर एक पोरगा मदतीला येतो. काउंटरवर एक कॉम्प्युटर आणि आतल्या टेबलावर एक जुना, दोन्हीवर विंडोज १०. गिऱ्हाईक येतं, "ताई मेल केलाय, दोन प्रती काढा" म्हणतं, आम्ही जीमेल उघडतो, डाउनलोड करतो, प्रिंट देतो. सीझनला दिवसाला शंभरेक मेल सहज होतात.

मागच्या मंगळवारी दुपारी एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेल आला, सर आहेत, नेहमी प्रश्नपत्रिका पाठवतात. मागच्याच मेलला रिप्लाय केलेला होता म्हणजे खाली आमचं आधीचं बोलणं पण दिसत होतं. फाईल जोडलेली नव्हती, लिंक होती, आणि खाली पासवर्ड १२३४. आता पासवर्डवाली फाईल आम्हाला नवी नाही हो, ई-आधार रोज उघडतो, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल टाकून, त्यामुळे पोराला काहीच वेगळं वाटलं नाही. झिप उतरली, आत पीडीएफचं लाल चित्र असलेली एकच फाईल, त्याने डबल क्लिक केलं. क्षणभर काळी चौकट आली आणि गेली. उघडलं काहीच नाही. "फाईल खराब आहे वाटतं" म्हणून त्याने सोडून दिलं, गर्दी होती, मीही लक्ष दिलं नाही.

गुरुवारी सकाळी एका बाईंचा फोन, "तुम्ही मला कसली फाईल पाठवलीत?" मग दुसरा, मग तिसरा. आमच्या मेलवरून आमच्याच गिऱ्हाइकांना तसलीच लिंक गेलेली. मी घाबरून लगेच काउंटरच्या कॉम्प्युटरवरूनच पासवर्ड बदलला, तर शुक्रवारी परत मेल गेले!! आणि त्या सरांना फोन केला तर ते म्हणाले मी काही पाठवलंच नाही, माझंच खातं आठवडाभर गडबड करतंय.

पोराला मी काही बोलले नाही, त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. पण डाउनलोड फोल्डरमध्ये लोकांची आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, मार्कशीटा, कधीपासूनच्या पडल्यात. लोक विश्वासाने देतात आपल्याला. रात्री झोप लागत नाही त्या विचाराने.

नेटवर जिथं जावं तिथं एकच सल्ला, अनोळखी माणसाचा मेल उघडू नका. आमचा धंदाच तो आहे, काय करायचं? आणि हा मेल तर ओळखीचाच होता. कृपया नीट समजावून सांगा, आम्ही दोघंही कॉम्प्युटर शिकलेलो नाही, धंद्यातून शिकलोय.

गवती_चहा:
ताई, आधी तातडीचं. काउंटरच्या मशीनची नेटची वायर आत्ताच काढा. तुम्ही पासवर्ड बदललात ते बरोबर, पण त्याच मशीनवरून बदललात म्हणून नवा पण चोराकडे गेला असणार. वर्णनावरून हा माहिती चोरणारा प्रकार वाटतो, तो ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड आणि कुकीज उचलतो. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन झालात याची पावती समजा, ती हातात आली की चोराला पासवर्ड विचारलाच जात नाही.

मोबाईलवरून गूगल खात्यात जा, सिक्युरिटीमध्ये तुमची डिव्हाइसेस दिसतील, ओळखीचं नसेल ते आणि काउंटरचं मशीन दोन्ही साइन आउट करा, मग पासवर्ड बदला, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करा. रिकव्हरीचा मोबाईल नंबर तुमचाच आहे ना बघा. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर (आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं ते नियम) आणि फॉरवर्डिंग उघडून चोराने काही लावून ठेवलंय का बघा, हे बहुतेक लोक विसरतात. बँकेचा, वीजबिलाच्या पोर्टलचा, जे जे पासवर्ड त्या ब्राउझरमध्ये सेव्ह होते ते सगळे मोबाईलवरूनच बदला. बँकेतून एक रुपया जरी गेलेला दिसला तर १९३० ला फोन लावा, थांबू नका, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येतात.

मशीनचं म्हणाल तर स्कॅन करून बरं झालं असं मी मानणार नाही, कामाची कागदपत्रं तेवढी बाजूला काढा आणि विंडोज कोरं टाका.

रानवारा:
माझ्या मामांचं असंच दुकान आहे, त्यामुळे अडचण समजते. ताई, कोणाकडून आलं हे बघू नका, काय आलंय ते बघा. सरांचं खातं आधी गेलं, त्यातून तुमचं, तुमच्यातून पुढच्यांचं, म्हणून ओळखीचा पत्ता हा पुरावाच नाही.

फोल्डरच्या व्ह्यूमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन म्हणून टिक आहे ती चालू करा. विंडोज मुळात नावाचं हे शेपूट, म्हणजे फाईल कसली ते सांगणारी शेवटची अक्षरं, लपवून ठेवतं, त्यामुळे पीडीएफ डॉट ईएक्सई (म्हणजे प्रोग्रॅम) असेल तरी तुम्हाला नुसतं पीडीएफ दिसतं, आणि लाल चित्र तर कोणीही चिकटवू शकतो. फक्त शॉर्टकटचं शेपूट टिक करूनही दिसत नाही, तिथे कोपऱ्यातला बाण बघायचा. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवर फोल्डरचे शॉर्टकट झालेले तुम्ही पाहिले असतीलच, तो हाच खेळ, खरा फोल्डर लपवलेला असतो आणि बाणवाल्यावर क्लिक केलं की व्हायरस चालतो.

पासवर्डवाली पीडीएफ ठीक आहे, क्रोमच्या टॅबमध्ये उघडा. पासवर्डवाली झिप मात्र दुकानात घ्यायचीच नाही. चोर झिपला पासवर्ड लावतात तो अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून, आणि गिऱ्हाइकाला दोन प्रती काढायला झिप कशाला लागते? साधी पीडीएफ किंवा फोटो पाठवा म्हणायचं. शक्यतो डाउनलोड न करता जीमेलमध्येच प्रिव्ह्यू उघडून तिथूनच प्रिंट द्या, म्हणजे फाईल तुमच्या मशीनवर उतरतच नाही. वर्डच्या फाईलवर पिवळी पट्टी येऊन एनेबल कंटेंट म्हणाली तर दाबू नका, प्रिंटला मॅक्रो (फाईलच्या आत लिहिलेल्या आज्ञा) लागत नाहीत.

अजून एक, फोटो-सही ५० केबीच्या आत बसवायला तुम्ही ऑनलाइन साइट वापरत असणार, त्या साइटींवर तीन-तीन हिरवी डाउनलोड बटणं असतात, त्यातली दोन जाहिराती. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका, ती जाहिरातीची बटणं बहुतेक गायबच होतात. आणि हल्ली खोटा "मी रोबोट नाही" निघालाय, तो सांगतो विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. म्हणजे त्याने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुमच्याच हाताने चालवून घेतो. खरा कॅपचा कधीही कीबोर्डची बटणं दाबायला सांगत नाही, हे पोराला काउंटरला कागद चिकटवून सांगा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मशीन विंडोज ११ ला चालत नसेल तर काउंटरच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकता येते, त्यावर हे ईएक्सई तसेच डबल क्लिकने चालत नाहीत. आधी प्रिंटर चालतो का बघा मात्र. बँक आणि पोर्टलची लॉगिनं फक्त आतल्या मशीनवर, त्यावर गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह अजिबात नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दुकान बंद करून बसलो दोघं. डिव्हाइसेसमध्ये एक अनोळखी मशीन होतंच. आणि फिल्टरमध्ये काय होतं सांगू, येणारा प्रत्येक मेल थेट कचऱ्यात टाकायचा! म्हणून दोन दिवस नवीन मेल दिसत नव्हते आणि मी समजत होते मंदी आहे. कचऱ्यात लोकांचे अठ्ठावीस मेल, निम्म्यांनी विचारलेलं हे तुम्हीच पाठवलंय का. एकेकाला फोन केला. पाच जणांनी ती फाईल उघडली होती, त्यांना गवती_चहा यांनी लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं. बँकेतलं सगळं जागेवर आहे.

काउंटरचं मशीन आज कोरं करायला दिलंय. मिंटचा विचार आहे पण मराठी टायपिंगचे आमचे जुने फॉन्ट विंडोजवरच आहेत, त्यामुळे टायपिंग आतल्या मशीनवर न्यावं लागेल.

आता एकच राहिलं, लोकांच्या फाईली आपोआप पुसल्या जातील अशी सोय आहे का? हाताने पुसायचं म्हटलं तर गर्दीत राहून जातं.

रानवारा:
विंडोजवर सेटिंग, सिस्टीम, स्टोरेज, त्यात स्टोरेज सेन्स. डाउनलोडसाठी १ दिवस निवडा आणि रीसायकल बिनलाही १ दिवस, आणि ते रोज चालेल असं ठेवा. मामांकडे हेच आहे. मिंट टाकलंत तर इथेच लिहा, तिथलं वेगळं आहे, सांगतो.

धागाकर्ती:
आतल्या मशीनवर केलं. जुनी आधार कार्डं मात्र आज हातानेच पुसतेय, दोन हजारांच्या वर निघाली.