मदत हवी आहे : चकव्यावरच्या लघुभयपटासाठी प्रेक्षकांचा अभ्यास

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात जनसंवादाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मूळची कुडाळकडची. शेवटच्या सत्रात आमच्या गटाला १२ मिनिटांचा लघुपट करायचाय आणि त्याआधी एक अहवाल द्यायचाय. निवडलेल्या प्रकारात आजवर काय झालं, तो कोण बघतं आणि का बघतं, हे त्यात मांडायचं आहे. आम्ही भयपट घेतलाय. पटकथा बरीच पुढे गेली आहे, प्रेक्षकांच्या भागात मात्र गाडी अडली आहे.

गोष्ट चकव्याची आहे. बहीण-भाऊ रात्री स्कूटरवरून गावाकडे निघतात आणि ओळखीच्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा त्याच मोरीपाशी येऊन पोचतात. भूत दिसत नाही, कोणाच्या अंगात येत नाही. भगत, उतारा, मारहाण यातलं काही दाखवायचं नाही हे गटाने पहिल्याच दिवशी ठरवलं. विनोदही नको आहे, आणि त्याबद्दल मी हट्टी आहे. मराठी पडद्यावर लोकांच्या जिभेवर राहिलेले भुताचे सिनेमे आठवले तर 'झपाटलेला' (१९९३), 'पछाडलेला' (२००४) अशी हसवणारीच नावं आधी येतात. 'झोंबिवली' (२०२२) आणि त्याच दिग्दर्शकाचा हिंदी 'मुंज्या' (२०२४) यांनीही तोच रस्ता धरला. हे सिनेमे मला आवडतात. पण आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना रात्री दिवा लावून वाचणारा एवढा मोठा वाचकवर्ग होता, मग पडद्यावर निव्वळ भीती इतकी कमी का? 'लपाछपी'सारखा सिनेमा अपवाद वाटतो. उसाच्या फडातलं घर, गरोदर बाई आणि मुलींच्या हत्येचं पाप. त्यात भीती बाहेरून आणावीच लागत नाही, ती घरातच आहे. पुढे त्यावरून हिंदीत 'छोरी' (२०२१) निघाला.

प्रकारांचा इतिहास जमलाय. रामसे बंधूंची हवेली, 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) ते 'पुराना मंदिर' (१९८४) आणि पुढे. मग राम गोपाल वर्मांच्या 'भूत'ने (२००३) भुताला हवेलीतून काढून मुंबईच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आणलं. मग 'तुंबाड' (२०१८), जो पहिल्या वेळेपेक्षा २०२४ च्या पुनःप्रदर्शनात जास्त चालला. परदेशी प्रकारांपैकी स्लॅशर, म्हणजे एकेकाला गाठून मारत सुटणाऱ्या खुन्याचा सिनेमा, आम्हाला उपयोगाचा नाही. 'ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) मात्र फार जवळचा वाटला. तीन विद्यार्थी जंगलात दिवसभर चालतात आणि पुन्हा त्याच ओंडक्यापाशी येतात. आमच्या आजीने तो पाहिला तर पहिल्याच अर्ध्या तासात म्हणेल, चकवा लागला यांना.

आता माझी खरी अडचण. भयपटाच्या प्रेक्षकांवर जे वाचायला मिळतं, ते सगळं असं धरून चालतं की बघणाऱ्याचा भुतांवर विश्वास नाही. नोएल कॅरल यांच्या १९९० च्या पुस्तकात तर मूळ कोडंच ते आहे : जे नाहीच हे माहीत आहे त्याला माणूस घाबरतो कसा, आणि मुद्दाम ती भीती घ्यायला जातो का? त्यांचं उत्तर कुतूहलाकडे जातं. पडद्यावरचा अशक्य जीव हळूहळू उलगडत जाण्यात मजा असते, त्यासाठी आपण किळस आणि भय सोसतो. माझ्या वर्गातल्या मुलांना हे लागू पडतं. पण आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांना चकवा ही गोष्ट वाटतच नाही. अमुक वळणावर अमक्याला लागला होता, एवढ्या नेमकेपणाने लोक सांगतात. देवचाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तीला, वर्षाचं देणं देणारा माणूस भयपट बघतो तेव्हा तो नक्की काय बघत असतो?

ऑनलाइन फॉर्म फिरवला आहे, पण उत्तरं आली ती बहुतेक आमच्याच वयाची आणि शहरातली. घरी विचारलं तर मोठी माणसं "आम्ही नाही बघत असलं काही" म्हणतात. याच घरात २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली की कोणी उठत नसे. त्या मालिकेवर अंधश्रद्धा आणि कोकणची बदनामी असे आक्षेप घेतले गेले, तेही बोलणं घरात व्हायचं आणि बघणंही चालू राहायचं.

तर विचारायचंय ते हे. चाळिशी-पन्नाशीपुढच्या आणि गावाकडच्या लोकांना कोणते प्रश्न विचारले की ते मोकळेपणाने बोलतील? मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही एकाच १२ मिनिटांत भीती वाटेल असं काही करता येतं का, की एक गट सोडूनच द्यावा? आणि ज्यांनी लघुपट केले आहेत त्यांनी कच्चा कट (संकलनाचा पहिला, अपुरा खर्डा) लोकांना कसा दाखवावा हेही सांगावं. सिनेमाच्या प्रमाणपत्राच्या २०२४ च्या नव्या नियमांत यूएचे (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे सिनेमे) ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे केले आहेत. आमचा लघुपट थिएटरला जाणार नाही, पण अहवालात वयोगट पाडताना हेच टप्पे वापरावेत का?

प्रतिसाद

टप्प्यांचं आधी सांगतो, वापर. पण ते लहान मुलांना जपण्यासाठी आहेत, साठीच्या माणसाबद्दल त्यातून काही कळणार नाही.

प्रश्नांबद्दल. आमच्या पिढीला "भयपट आवडतात का" विचारलंस तर नाहीच म्हणणार. तू सिनेमाचं नाव काढू नकोस. "तुमच्या गावात चकव्याची जागा कुठली?" एवढंच विचार आणि गप्प बस. मी मालवणजवळचा, लहानपणी ऐकलेलं सांगतो. रातची शीळ घालू नको. मागून हाक आली तर लगेच ओ देऊ नको. चकवा लागलाच तर चालत सुटू नको, आहेस तिथे बस आणि उजाडण्याची वाट बघ. बघ, यात कुठेही भुताचं वर्णन नाही. सगळे नियम आहेत. मानणाऱ्या माणसाजवळ भुताचं चित्र असो वा नसो, नियमांची यादी पक्की असते.

म्हणून मला वाटतं, तुला कोणताच गट सोडावा लागणार नाही. हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देत असत. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो, तो टेबलाखाली आहे हे आधी कळलं तर साध्या गप्पाही त्याला बसू देत नाहीत. तुझ्या लघुपटात भावाने पहिल्या मिनिटालाच सहज शीळ घातली, तर वाडीतल्या प्रेक्षकाला बॉम्ब दिसला. वर्गातल्या मुलांना तो दिसणार नाही, त्यांना मोरी तिसऱ्यांदा आली की कळेल. दृश्य तेच, फक्त भीती सुरू होण्याची वेळ वेगळी. शिळेकडे कॅमेऱ्याने बोट मात्र दाखवू नकोस.

वाचायला एक सुचवतो. एन्थोवेन यांनी १९१५ साली संपादित केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या नोंदी मिळवून वाच. सामग्री जमवली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी, म्हणजे नाशिकचे तेच कलेक्टर, ज्यांना १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी नाटकाच्या थिएटरात गोळ्या घातल्या. शंभर वर्षांपूर्वी कोकणात लोक कशाला भीत होते याची तुलना तुझ्या अहवालाला वजन देईल.

प्रतिसाद

मी ध्वनीचं काम करते, त्यामुळे कच्च्या कटाबद्दल सांगते. बघून झाल्यावर "भीती वाटली का" विचारू नका, त्यावर माणूस शूरपणाचं उत्तर देतो. बघताना त्याच्याकडे बघा. मान कधी फिरवली, मोबाइलकडे हात कधी गेला, शेजाऱ्याकडे कधी पाहिलं, ते मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. बघणाऱ्यांना आधी सांगून, त्यांची परवानगी घेऊन. घरच्या लहान मुलांना त्या वेळी खोलीत ठेवू नका.

सोबत कोण आहे याचीही नोंद हवी. १९८६ साली अमेरिकेत डॉल्फ झिलमन आणि सहकाऱ्यांनी मुलामुलींच्या जोड्या करून भयपट दाखवला होता. शेजारची मुलगी घाबरलेली असली की मुलांना तोच सिनेमा जास्त आवडला, आणि मुलींना शेजारचा मुलगा न डगमगणारा असला की. आज तसंच येईल असं नाही, पण सिनेमा तोच असूनही शेजारी बदलला की अनुभव बदलतो, हे तुमच्या अहवालात यायला हवं. एकट्याने कानात हेडफोन घालून बघणारा आणि पडवीत दहाजणांत बसून बघणारा यांचे निष्कर्ष एकत्र करू नका.

आणि संगीत लावायची घाई नको. कोकणातली रात्र कधीच शांत नसते. रातकिडे, बेडूक, लांबचा कुत्रा. पहिल्या फेरीला हे सगळं भरपूर ठेवा आणि प्रत्येक फेरीत एकेक आवाज काढून घ्या. शेवटच्या फेरीला फक्त स्कूटर उरू दे. आवाज त्या मोरीवर रात्री जाऊन स्वतः रेकॉर्ड करा, तयार आवाजांच्या संग्रहातला रातकिडा आपला वाटत नाही.

धागाकर्तीचं उत्तर

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार. शीळ ठरली! गटातल्या सगळ्यांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले, आवाज कमी करत नेण्याची कल्पना आमच्या संकलकाला इतकी पटली की त्याने आधी लावलेलं संगीत काढूनही टाकलं. फॉर्म आता फक्त पंचविशीखालच्यांसाठी ठेवतेय, बाकीच्यांशी सुट्टीत गावी जाऊन समोरासमोर बोलेन आणि अहवालात दोन्ही वेगळं मांडेन.

आणखी एक मदत हवी. शिळेचा नियम कोकणाबाहेर कितपत माहीत आहे? विदर्भ, मराठवाडा, खानदेश, गोवा इथल्या लोकांनी आपल्याकडे रात्रीच्या वाटेवर काय करू नये असं सांगायचे, ते तालुक्याच्या नावासह लिहिलं तर फार उपयोग होईल. सगळीकडे सारखा असलेला एखादा नियम सापडला तर शिळेऐवजी तो घेण्याची तयारी आहे, चित्रीकरण अजून सुरू झालेलं नाही.