पूरग्रस्तांच्या किटमध्ये पुस्तिका टाकायची का? ट्रेनिंगचा आठवा आठवडा चालू आहे, सल्ला हवाय

नगरी_पोरगा | १९ ऑगस्ट २०१९

सर्वांना सलाम. मी २२ वर्षांचा, श्रीरामपूर तालुक्यातला, आमच्या घरात ख्रिस्ती झालेल्यांची ही चौथी पिढी. १ जुलैपासून पुण्याजवळच्या एका संस्थेत दहा महिन्यांचं मिशन ट्रेनिंग करतोय. संस्थेचं नाव लिहीत नाही कारण कुणाची बदनामी करायची नाहीये, मला खरंच कळत नाहीये म्हणून विचारतोय. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

पहिले सहा आठवडे कसे गेले ते आधी सांगतो. पहाटे पाचला घंटा, शांत वेळ म्हणजे एकट्यानं प्रार्थना, मग बायबलच्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला एक अध्याय, मग ड्युटी. मला मोठी पातेली आणि संडास-बाथरूम मिळालं, घरी मी स्वतःचं ताटसुद्धा उचलायचो नाही. दुसऱ्या आठवड्यात आईला फोन करून म्हटलं मी परत येतो, ती म्हणाली पातेली घासता येईनात तर लोकांची सेवा कशी करशील रे. तिथंच थांबलो. मग साक्ष द्यायचा, म्हणजे देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगायचा आठवडा आला, कुणी दारूतून सुटलेलं, कुणी घर सोडून आलेलं, माझ्याकडं तसं काहीच नाही, संडे स्कूल, नाताळचं नाटक, तरुण संघ, एवढंच. उभा राहिलो आणि दोन मिनिटांत खाली बसलो. तेव्हापासून मनात आहे की मी इथं नक्की कशासाठी आलोय.

आणि मग कोल्हापूर-सांगलीकडं पूर आला. हायवे सुरू झाल्यावर १४ तारखेला आम्हा बारा जणांना टेम्पोतून शिरोळ तालुक्यात पाठवलं. पाणी उतरलं होतं पण घराघरात गुडघाभर गाळ, त्यात धान्य सडलेलं, गोठ्यात मेलेली जनावरं. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाहीये. सकाळी सातपासून फावडं आणि घमेलं घेऊन गाळ काढायचा, दुपारनंतर किट वाटायचे. पहिल्याच दिवशी एका घरातलं कपाट उघडलं तर मुलांच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटांचा लगदा झालेला, ती माउली काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा होती, तिनंच कुठूनतरी लाल दोरा आणून आमच्या हाताला बांधला. हे लिहिताना पण रडू येतंय.

आता मूळ प्रश्न. किटमध्ये तांदूळ, डाळ, तेल, मीठ, काडेपेटी, साबण, आणि वर एक शुभवर्तमानाची, म्हणजे येशूबद्दलची छोटी पुस्तिका. आणि प्रत्येक घरी किट देताना प्रार्थना करू का असं विचारायचं अशी सूचना आहे. परवा एका आजीला किट दिला, तिनं पुस्तिका हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "बाळा, हे घेतल्यावर आमचं नाव कुठं लिहिणार?"

मला काही बोलताच आलं नाही. माझ्या आजोबांना गावात आयुष्यभर ऐकावं लागलं की तुमचे बापजादे दुष्काळात ज्वारीसाठी बाटले. आजोबा कधी उलटून बोलले नाहीत, पण कुणाच्या घरचं सहजासहजी काही खायचे नाहीत. आणि आता मीच तांदळाची पिशवी घेऊन कुणाच्यातरी दारात उभा आहे. पुस्तिका देऊ नका असं लीडरना सांगायचं का? सांगितलं तर मला माझ्या विश्वासाची लाज वाटते असा अर्थ होईल का? की मी मिशनसाठी बनलेलोच नाहीये?

---

मिरजेची_सिस्टर

पोरा, बाकीचं नंतर, आधी पायात गमबूट आहेत का सांग. चपलेवर गाळात उतरत असशील तर उद्यापासून उतरू नकोस. मी ३१ वर्षं नर्सिंग केलंय. उंदरांचं, गुरांचं मूत त्या पाण्यात मिसळलेलं असतं आणि पायाला साधं खरचटलं असलं तरी लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस तापाचे) जंतू आत शिरतात. साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, पोटऱ्या जाम दुखणं, डोळे लाल, असं काही झालं तर अंगदुखीची गोळी खाऊन बसायचं नाही, सरळ सरकारी दवाखान्यात जायचं आणि पुराच्या पाण्यात काम केलंय हे आपणहून सांगायचं. प्रतिबंधाची गोळी असते, पण ती डॉक्टरांनी बघून द्यायची, दुकानातून घेऊ नका. बाराही जणांना हे वाचून दाखव.

वास जात नाही म्हणतोस तो जाईल, वेळ लागतो. रात्री एकटा बसू नकोस, बरोबरच्यांशी बोल.

आणि मिशनसाठी बनलोय का म्हणून विचारतोस. आमच्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ ला हॉस्पिटल सुरू केलं. ते मिशनरी होते हे कधी लपलं नाही, पण या भागातली म्हातारी माणसं आजही त्यांचं नाव काढतात ते पेशंटचं दुखणं बरं केलं म्हणून. तुला दिलेली संडासाची ड्युटी आणि हा गाळ हे एकच काम आहे. तुझी साक्ष लहान नाही, चालूच आहे की ती.

---

कृष्णाकाठ

मी कुरुंदवाडचा, ख्रिश्चन नाही, पूरग्रस्त आहे म्हणून लिहितोय. आमच्याकडं २००५ च्या पुराची खूण धरून सामान वर ठेवलेलं, यंदा पाणी त्याच्या पण वर गेलं, सांगलीत आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४५ आहे, यावरनं समजून घ्या. आठ दिवस नातेवाइकांकडं काढले, परत आलो तर दार उघडंना, आतनं गाळ बसलेला.

मदत भरपूर आली, खोटं कशाला बोलायचं. पण जुन्या कपड्यांचे ढीग चौकात पडून भिजले, ते उचलायचं एक नवीन काम झालं. पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं इतकी की ठेवायला जागा नाही, आणि जनावरांना वैरण कुठंच नाही. पुढाऱ्यांचे फोटो चिकटवलेली पाकिटं पण आली. आमच्या वडलांनी तसलं एक पाकीट परत केलं, म्हणाले उपाशी हाय, पण फोटो बघून खाणार न्हाई.

तुमच्या पुस्तिकेत काय लिहिलंय मला माहीत नाही, चांगलंच असंल. पण घर गेलेल्या माणसाला ते पाकीट आणि हे पाकीट सारखंच दिसतं हो. घेणाऱ्याला नाही म्हणायची सोय नसते त्या वेळी. आजी तुम्हाला वाईट बोलली नाही, तिनं सवयीनं विचारलं, आठ दिवसात जो आला त्यानं काहीतरी लिहून नाहीतर फोटो काढून घेतलाय.

आमच्या गावात मशिदीत गणपती बसतो, एकमेकाचा देव आम्हाला खटकत नाही. तुम्ही गळ्यात क्रूस घालून गाळ काढा, कोण काय म्हणत नाही. आमच्या घरातला गाळ कुठल्यातरी कॉलेजच्या पोरांनी काढला, दोन दिवस लागले. किट कुणी दिलं ते घरात कुणालाच सांगता यायचं नाही, पण त्या पोरांची नावं आईला पाठ आहेत.

एक लक्षात ठेवा, तलाठ्याचा पंचनामा व्हायच्या आधी घरातलं काही बाहेर फेकू नका. फेकायचंच झालं तर आधी घरमालकाच्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आमच्या गल्लीत स्वयंसेवकांनी चांगल्या मनानं सगळं साफ केलं आणि नंतर नुकसान दाखवायला काही राहिलंच नाही.

---

किल्लारी९३

मी चर्चचा पाळक आहे, आता निवृत्त. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी जवळपास तुझ्याच वयाचा होतो, चौथ्या दिवशी तिथं पोचलो. दगडमातीच्या जाड भिंती, वरचं माळवद सगळं खाली आलेलं. आम्हीही पत्रकं नेली होती. पहिल्या संध्याकाळी आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी तो गठ्ठा जीपच्या सीटखाली सरकवला आणि परत कुणी काढला नाही. त्यावर चर्चा पण झाली नाही.

पुढच्या वर्षी, १९९४ ला, रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी आपत्तीतल्या कामासाठी दहा कलमांची आचारसंहिता केली. तिसरं कलम असं की मदतीचा वापर कुठलंही राजकीय किंवा धार्मिक मत पुढं नेण्यासाठी करायचा नाही. ही आपल्याविरुद्ध कुणी लादलेली गोष्ट नाही. ती तयार करण्यात कॅरितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होत्या. म्हणजे आपल्याच घरातल्या माणसांनी हे मान्य केलंय. लीडरशी बोलताना हे जरूर सांग.

आणि शास्त्रातलं हवं असेल तर बायबलमधला लूक १० काढ, वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाची गोष्ट. शोमरोन्यानं, म्हणजे परक्या समाजातल्या माणसानं, त्याच्या जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, पुढच्या खर्चाचीही सोय केली. त्या जखमी माणसाला त्यानं काय उपदेश केला याचा एक शब्द तिथं नाही. प्रभूनं ही गोष्ट सांगितली ती शेजारी कोण या प्रश्नाला उत्तर म्हणून, आणि शेवटी म्हटलं जा, तूही तसंच कर.

तुझ्या आजोबांबद्दल वाचून गप्प बसलो थोडा वेळ. आमच्या घरातही तेच ऐकलंय. खरं काय होतं की त्या दुष्काळात ज्यांना कुणी विहिरीवर चढू देत नव्हतं त्यांना कुणीतरी माणूस म्हणून जवळ केलं, आणि त्यातले अनेकजण सुकाळ आल्यावरही विश्वासात टिकले. पण टोमणा टिकला तोही धान्य आणि धर्म एकाच हातानं दिल्यामुळंच. तू तो हात वेगळा ठेवायचा म्हणतोयस, यात लाज कसली.

---

शालोम_वसई

मला थोडं वेगळं वाटतं. पुस्तिका किटमध्ये नको हे मान्य, पण आपण कोण आहोत हे अजिबात बोलायचंच नाही हेही खोटेपण होईल. माझ्या नवऱ्यानं केरळच्या पुरात काम केलं गेल्या वर्षी, लोक स्वतः विचारायचे की तुम्ही एवढ्या लांबून का आलात. तेव्हा काय सांगायचं, सुट्टी होती म्हणून आलो? पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे ना, आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. आधी विचारायला हवं कुणीतरी. आणि एखादी बाई रडत म्हणाली माझ्यासाठी देवाजवळ माग तर मागावं, तिथं नियम दाखवू नये. फक्त तेव्हा हातात पिशवी नसावी.

---

नगरी_पोरगा | २२ ऑगस्ट २०१९

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. गमबूट आणले, पाच जोड मिळाले, आळीपाळीनं घालतोय, बाकीचे उद्या येतायत. सिस्टर, तुमची पोस्ट सगळ्यांना वाचून दाखवली.

काल रात्री लीडरशी बोललो. आधी ते नाराज झाले, म्हणाले पुस्तिकांसाठी मंडळीतल्या (चर्चमधल्या) लोकांनी पैसे दिलेत, त्यांना काय उत्तर देऊ. मी आजीचं वाक्य सांगितलं आणि मग आजोबांचं सांगितलं. ते बराच वेळ बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले माझ्याही आजीला हेच ऐकवायचे. सगळं पटलंय असं नाही, पण आजपासून पुस्तिका टेम्पोत राहणार, किट वाटणारे आणि गाळ काढणारे वेगळे नाहीत, सगळे गाळ काढणार. कुणी आपणहून विचारलं तर बोलायचं. दारात प्रार्थनेचं विचारायचं बंद.

आज त्या आजीकडंच गेलो. तिच्या ट्रंकेतली कागदं काढून एकेक पान वेगळं करून पत्र्यावर वाळत घातली, सातबारा शाबूत राहिला. पंचनाम्यासाठी फोटो काढून तिच्या नातवाच्या मोबाईलवर ठेवले. तिनं नाव विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली नगरकडं पाऊस आहे का रे. नाहीये, आमच्याकडं टँकर चालू आहेत, ते ऐकून ती खूप हळहळली, स्वतःचं घर असं असताना.

एक विचारायचं राहिलं. तिच्या परड्यातल्या विहिरीत पुराचं पाणी गेलंय, उद्या मोटर लावून उपसणार आहोत. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची?

---

मिरजेची_सिस्टर

पूर्ण उपसा, तळाचा गाळ काढा, आतल्या भिंती घासा, मग नवीन पाणी भरू द्या. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम धरतात, पण पूर शिरलेल्या विहिरीला तेवढ्यानं भागत नाही, म्हणून अंदाजानं टाकू नकोस, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलावून घे. पावडर ढेकळं झालेली नको. कोरडी विहिरीत फेकायची नाही, बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी विहिरीत सोडायचं. किमान तासभर थांबून मग ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन तपासायची), पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. तरी पिण्याचं पाणी सध्या उकळूनच घ्यायला सांग आजीला. आणि उपसा करताना विहिरीत एकट्यानं उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघा, विझला तर कुणीच उतरू नका, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच.

---

कृष्णाकाठ

गाव कुठलं ते मेसेज करा, आमची मोटर आणि पाइप घेऊन सकाळी आठला येतो.